सुंदरमामा

दादा,

रात्रपाळीची एक शिलाईवाली आजारी पडली, म्हणून तिच्या जागी मी चालले. जेवण झाकून ठेवलंय. गरम करताना तिथेच उभा राहा, मागच्या वेळी ते करपलेलं पातेलं घासून माझे हात भरून आले होते.

आज पिल्लूला तुलाच झोपवायचंय, म्हणून आधीच सांगते. काल मी त्याला ते जुनं गाणं म्हटलं,

मिटा डोळे, लावा दार,
उंदीरमामा आले चार.

वहिनी गेल्यापासून या घरात ते कोणी म्हटलेलं नाही. पिल्लूने माझ्या तोंडावर हातच ठेवला. "आत्या, चुकलं! सुंदरमामा!"

वहिनीने लहानपणी चुकीचं ऐकलेलं, लग्नानंतरही तसंच म्हणायची, आणि आपण तिला किती चिडवायचो! पण ती गेली तेव्हा पिल्लू पाळण्यात होतं रे. "तुला कोणी सांगितलं?" मी विचारलं. "ती रोज तसंच म्हणते," म्हणालं, आणि भिंतीकडे सरकून उशीवर कुणाला तरी जागा करून दिली.

त्याला रागावू नकोस. मला वेड लागलंय म्हण हवं तर, ते तू लहानपणापासून म्हणतोच आहेस.

उद्या तू घर सोडत असल्याचं घरमालकाला कळवणार आहेस. त्याआधी एवढं कर. पिल्लू गाढ झोपलं की पहिली ओळ म्हण आणि थांब. दुसरी ओळ कोण म्हणतं ते नीट ऐक, आणि मग काय ते ठरव.

धाकटी