तापमानवाढीतून सूट

प्रिय मावशी,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच, प्रत्यक्षात कंबर धरली आहे.) तुझा गुडघा कसा आहे? काका अजून रेडिओशी भांडतात का? इकडे सगळं ठीक, म्हणजे बायको माझ्याशी बोलते आहे आणि विद्यापीठ बोलत नाही, अशी दोन्ही सुखं मला एकदम मिळाली आहेत.

विद्यापीठाचं कारण सांगतो. मी हवामानबदल शिकवतो हे तुला ठाऊक आहे. (शेजारणींना तू ‘तो पावसाचा अंदाज सांगतो’ असं सांगतेस, तेही मला ठाऊक आहे.) यंदा माझ्या वर्गात एक मुलगी आली, जन्मापासून न दिसणारी आणि प्रश्न विचारायची भारी खोड असलेली. दुसऱ्याच तासाला मी नेहमीचा आलेख भिंतीवर लावला, दीडशे वर्षांच्या तापमानाची रेष, आणि काठी टेकवून ऐटीत म्हणालो, ही बघा कुठून निघाली आणि कुठे पोचली! ती म्हणाली, “सर, कुठे पोचली?” मी म्हणालो, इथे. वर्ग हसला. मग मी घाईघाईने ‘खूप वर’ म्हणालो, तर म्हणे, “खूप म्हणजे किती? आधी हळू आणि मग जोरात, की सारखीच?” मी काठी बाजूला ठेवली. आकडे वाचून दाखवले, पण दीडशे आकडे ऐकून चढ कुणाला कळतो? वाचता वाचता मलाच पेंग आली.

तेव्हा मी भाबडेपणाने सर्वसमावेशक अभ्यासक्रम समितीकडे गेलो. मावशी, काय ती समिती! सात माणसं, सातही धडधाकट डोळ्यांची, आणि सगळी सहानुभूतीने नुसती ओथंबलेली. एक अख्खी बैठक अहवालाच्या मुखपृष्ठावर हात असावेत की झाड, यावर गेली. (शेवटी झाडाला हात फुटले.) मी म्हटलं, मला बोटांना कळेल असा एक आलेख हवा आहे, बस्स. सगळ्यांनी माना डोलावल्या, एका बाईंनी डोळे टिपले, आणि माझी सूचना ‘मौलिक’ म्हणून नोंदवून पुढचा विषय घेतला. निदान त्या मुलीला बोलावून विचारू या म्हटलं, तर अध्यक्ष म्हणाले, तिला संकोच वाटेल. (तिला! परवा तिने ग्रंथपालाला घाम फोडला.)

मग निर्णय आला, सहीशिक्क्यानिशी: सदर विद्यार्थिनीस तापमानवाढीच्या प्रश्नातून सूट देण्यात येत आहे. पुन्हा वाच. अख्ख्या पृथ्वीवर जे कुणालाच चुकलेलं नाही, त्यातून आमच्या समितीने एका मुलीला सोडवलं! तिला वाचून दाखवलं तेव्हा ती आधी पोट धरून हसली आणि म्हणाली, “मग मला उन्हाळ्यातूनही सूट द्या ना.” नंतर मात्र तिने तो कागद मला पुन्हा वाचायला लावला. कारण सूट घेतलेल्याला पुढच्या वर्षी हा विषय घेता येत नाही, आणि तिला हाच घ्यायचा आहे. (ती अटही याच समितीची. दोन्ही कागदांवर तेच हातवालं झाड आहे.)

मी तो कागद अध्यक्षांच्या टेबलावर आपटला आणि मुलगी सगळ्या प्रश्नांसह परीक्षेला बसेल असं चढ्या आवाजात सांगून आलो. तेव्हापासून अबोला. आता माझ्यासाठी संवेदनशीलतेचं शिबिर ठेवणार आहेत म्हणे.

बाकी क्षेम. उत्तराची घाई नाही.

तुझा भाचा

ता. क. उत्तराची नाही, पार्सलची घाई आहे. महिनाअखेरीला परीक्षा. मला लोकरीचा एक पट्टा विणून पाठव: दर वर्षाला एक ओळ, आणि तापमान वाढेल तसे टाके वाढव. एक कड सरळ ठेव, दुसरी जाईल तशी जाऊ दे. बोटांना ती नीट लागली पाहिजे. कुठल्या ओळीला किती टाके ते पाठीमागे लिहिलं आहे. फुलं, मोर, नक्षी काही नको. मी तुला ओळखतो.

ता. क. २. पट्टा येतोय असं तिला सांगून बसलो आहे. तिने लगेच विचारलं, विणणाऱ्या मावशी मोजायला पक्क्या आहेत ना? मी हो म्हणालो. (माझ्या स्वेटरची डावी बाही कोपरापर्यंतच येते हे बोललो नाही.)

ता. क. ३. शेवटच्या ओळीनंतर टाके बंद करू नकोस, सुईवरच राहू देत. दरवर्षी एक ओळ घालावी लागणार. ती कधीतरी आधीच्या ओळीपेक्षा आखूड निघू लागेल असं मी वर्गात सांगतो खरा, पण ती लांबतच जाईल अशी मला भीती वाटते. सुई परत मिळेल असं धरू नकोस.