उजवा हात

शनिवार, ७ मार्च
चाचणी पास! आता थोरली चढताना तिच्या कमरेचा, वरच्या कडीतून खाली येणारा दोर मी एकटी धरू शकते. बंदिस्त हॉलमध्ये उभे केलेले नकली कडे, त्यावर रंगीत खुंट्या, खाली जाड गाद्या. थोरली सात वर्षांची, खारीसारखी चढते. पाच वर्षांचा धाकटा बुटक्या भिंतीवर, प्रशिक्षिकेच्या ताब्यात. बाई कडक आहे. "ताई, डाव्या हातानं काहीही करा. उजवा दोरावरून सुटला की पोर खाली." अहो, एवढं कळतं मला!

शनिवार, १४ मार्च
थोरली तीनदा वर. खाली माझ्याभोवती चार आया जमल्या. मुलांना निर्भय कसं करावं यावर बोलले. रंगलं!

शनिवार, २१ मार्च
लिहून काढायलाच हवं.

थोरली वर होती, दोर माझ्याकडे. शेजारच्या मुलाचे वडील म्हणाले, "मुलीच्या जातीला कशाला या माकडउड्या? हातपाय मोडला तर?" झालं! आजवर वाचलेलं सगळं जिभेवर आलं. "मुली भीती घेऊन जन्माला येत नाहीत — ती आपण त्यांना पाजतो!" आणि 'पाजतो' म्हणताना माझा उजवा हात वर गेला. वीस वर्षं व्यासपीठावर जातो तसाच. बोट छताकडे.

दोर सर्रकन गेला.

धाकट्याला तिथंच टाकून प्रशिक्षिकेनं झेप घेतली, दोर पकडला. थोरली गादीच्या वीतभर वर लोंबकळत थांबली. रडली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली.

प्रशिक्षिकेच्या तळहातांची सालटी निघाली. ते गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन निघून गेले. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

रविवार, २२ मार्च
नवऱ्याला सगळं सांगितलं. म्हणाला, "तुझ्या हातात दोर होता की माइक?"



मंगळवार, २४ मार्च
गुरुवारचं व्याख्यान रद्द केलं. घसा बसलाय म्हणाले. धडधडीत खोटं.

शुक्रवार, २७ मार्च
उद्या जायचं का, हे थोरलीला विचारायचा धीर होत नाही. 'तुझ्याबरोबर नको' म्हणाली तर? हजार माणसांपुढे बिनधास्त बोलते. आज या चिमुरडीच्या दारातून दोनदा परत फिरले.

धाकटा जेवताना म्हणाला, "आई, ताई पडली ना, काय भारी दिसली!" धपाटा घालायला हात उचलला. स्वतःचाच हात पाहिला आणि खाली घेतला.

शनिवार, २८ मार्च
विचारलं. तिची वेणी घालताना — तेव्हा तिचं तोंड दिसत नाही म्हणून.

"माझ्यावर रागावलीस का गं?"

"नाही. तू बोलायला लागलीस की दोरावरचा हात सोडतेसच. मी पडले त्याच्या आधीच्या शनिवारी पण सोडलास, दोनदा. तुझं बोलणं संपेपर्यंत मी भिंतीला घट्ट धरून थांबते. मागच्या वेळी माझे हात दुखले, सुटले."