हलक्या धानात भारी धान

माय, आज दुपारी नातवाला हाक मारायला तोंड उघडलं आणि त्याचं नावच आठवेना. आधी थोरल्याचं आलं, मग पुतण्याचं, मग गोठ्यातल्या बैलाचं. पोरगं हसून हसून लोळलं. मीही हसलो. संध्याकाळी इंग्रज जाणार म्हणून पारावर बोलणी चालली होती, तिथं विडी पेटवताना त्याचं नाव आपसूक आलं. वैद्य म्हणतो, वय झालं की नावं उशिरा येतात, त्यानं माणूस बिघडत नाही. तेव्हा तुझी फार आठवण आली, आणि लाजही वाटली.

तुझंही असंच व्हायचं. मला हाक मारताना आधी मामाचं नाव घ्यायचीस. पण बियाण्यात तुझा हात कधी चुकला नाही. ओसरीवर शेणानं लिंपलेल्या बांबूच्या दोन ढोल्या. एकीत लवकर पिकणारा हलका धान, दुसरीत उशिराचा भारी. दाणे तळहातावर घोळवायचीस, एखादा दाताखाली फोडायचीस आणि डोळे मिटून सांगायचीस कोणता ते. गावातल्या बाया आपलं बियाणं घेऊन तुझ्याकडं यायच्या, तू त्यांना आधी रागवायचीस, मग गूळ-पाणी द्यायचीस.

त्या वर्षी दिवाळीला आपल्या मोठ्या बांधीत, त्या एकाच खाचरात, अर्धा धान पिकून झडायला लागला आणि अर्धा हिरवाच उभा. कापावा तरी पंचाईत, ठेवावा तरी पंचाईत. आबा, माझा बाप, शेताच्या धुऱ्यावर उभे राहून चार लोकांसमोर म्हणाले, "तुले आता काही याद रायत नाही. बियान्याले हात नको लावू."

तू पदर सारखा केलास. "असन बा. माझ्याच हातानं झालं असन."

मी शेजारीच उभा होतो, लग्न झालेला बाप्या. पेरणीच्या आदल्या दिवशी बाजाराच्या घाईत भारीची टोपली मीच हलक्याच्या ढोलीत ओतली होती. सकाळी आबांनी तीच ढोली उपसली. बांधी बघताच मला सारं उमगलं, आणि मी गप्प बसलो.

मग तू विचारायला लागलीस. "मीठ टाकलं काय रे मी?" बाया यायच्या थांबल्या. एकदा मुठीत दाणे घेऊन माझ्याकडं बघत राहिलीस, "हा कोनता होय रे?" आणि मी 'हलका' म्हणून सांगितलं, माय. तुला मी सांगितलं.

तुझं डोकं शेवटपर्यंत चांगलं होतं. एवढं एक वाक्य तुझ्या हयातीत माझ्या तोंडून निघालं नाही. आता हा कागद कुठं धाडणार? आणि खरं सांगू, तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच लिहायचा धीर झाला.