चोवीस तासांची बाटली

सोमवार, ६ मे १९७४
अठ्ठ्याण्णव! दोनदा चाचणी लावली. दोन्ही वेळा तोच गर्द तांबडा रंग. चाळीसच्या आत हवं.

लघवी प्रेमिलाची, माझ्या धाकट्या बहिणीची, आणि तपासणारी मी! दोन वर्षांपूर्वी तिच्या छातीतली कॅन्सरची गाठ काढली. आता कंबर धरून बसते. एक्स-रेत काही दिसत नाही, म्हणून डॉक्टरसाहेबांनी हायड्रॉक्सिप्रोलीन बघायला सांगितलं. हाड झिजायला लागलं की ते लघवीत उतरतं. पाच वर्षं हेच काम करते मी. 

मंगळवार, ७ मे
डॉक्टरसाहेबांनी रिपोर्ट दोनदा वाचला. मग — "मटण तर खाल्लं नाही ना?" मटणानेही आकडा फुगतो. नाही म्हटलं. आठवडाभर बंद ठेवायला मीच मायला बजावलं होतं.

बुधवार, ८ मे
दुपारीच घरी आले. चुलीवर पातेलं. झाकण काढलं — बकऱ्याचे पाये!

"माय, मटण बंद सांगितलं होतं ना?"

"मटन कुठी दिलं वं मी? पायाचं पानी देऊन राहिली. हाडाले ताकद नको का तिच्या?"

मी ड्यूटीवर गेले की रोज दोन वाट्या! आधी भांडले, मग हसूच आलं. वेडी माय! हाडं उकळली की हेच हायड्रॉक्सिप्रोलीन तर उतरतं पाण्यात. आकडा चुकला. चुकलाच असणार! संध्याकाळी डॉक्टरसाहेब म्हणाले, चार दिवस बंद करून पुन्हा बघा.

शुक्रवार, १० मे
वरण-भात, दूध. प्रेमिला रडते. "ताई, ते पानी दे नं थोडं. त्यानंच बरं वाटते मले." नाही दिलं. माय माझ्याशी बोलत नाही.

सोमवार, १३ मे
चोवीस तासांची लघवी जमवायला पुन्हा बाटली लावली. या उन्हात खराब होऊ नये म्हणून ओल्या गोणपाटात ठेवली. प्रेमिलाला आता धरून उठवावं लागतं.

बुधवार, १५ मे
नळीपुढे उभी राहून विनवत होते — फिकी राहा गं, फिकी राहा. रंग चढतच गेला.

एकशे सव्वीस — पायाच्या पाण्याशिवाय.

गुरुवार, १६ मे
सकाळी जाऊन चार पाये आणले. मायचा चेहरा खुलला. "आता चालते का वं तिले?"

चालते, म्हटलं.