सात टाक्यांचा प्रश्न

ता. ११ ऑगस्ट

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तुझी ड्यूटी कधी असते ते माहीत नाही म्हणून फोन केला नाही, असं लिहिणार होतो, पण खरं कारण ते नाही. दवाखान्याच्या जिन्यात आपलं बोलणं झालं, त्यानंतर तुझा फोन नाही आणि माझाही नाही. फोनवर मला आधीच सुचत नाही. पत्रात निदान खोडता येतं.

मी वेळेवर जेवतो. भाजी खारट होते. शेजारच्या शिंपीणबाई रोज दारातून डोकावून मी आहे ना ते बघतात आणि निमित्त म्हणून बटण तुटलंय का विचारतात. त्यांना बरं वाटावं म्हणून दोन शर्टांची बटणं मीच सैल करून ठेवली.

आता मुख्य गोष्ट. सप्टेंबरात शाळांची गणिताची सांघिक स्पर्धा असते आणि तिचे प्रश्न तुझी ताई काढायची, हे तुला ठाऊक आहे. चार मुलांचा संघ, एक टेबल, एक कागद, चौघांचं मिळून एक उत्तर. प्रश्न तिने काढायचे, स्वच्छ प्रत आणि आकृत्या मी करायच्या, ही आमची बावीस वर्षांची पद्धत. सगळी नोकरी नकाशे काढण्यात झाल्यामुळे माझ्या रेषा तिला चालायच्या. उत्तरं मात्र मलाही दाखवायची नाही. ती वेगळ्या पाकिटात घालून, लाख लावून हेडमास्तरांच्या हातात द्यायची, आणि ते पाकीट स्पर्धेच्या दिवशी मुलांसमोरच फुटायचं. घरच्या माणसावर एवढा अविश्वास का, असं मी विचारायचो. त्यावर ती म्हणायची की तुमच्या तोंडावर माझा विश्वास आहे, भुवयांवर नाही.

यंदाचे दहा प्रश्न ती जाण्याआधी पुरे करून गेली. पाकीट हेडमास्तर मे महिन्यातच घरी येऊन घेऊन गेले. कच्चे कागद टेबलाच्या खणात होते. तो खण उघडायला मला अडीच महिने लागले.

पेपर कुणाला सांगायचा नाही हा तिचा नियम, पण तुझ्या घरी शाळेत जाणारं कुणी नाही आणि तुला गणिताचा तिटकारा आहे, तेव्हा सांगतो. नववा प्रश्न असा आहे: एका गावात पाण्याच्या सात टाक्या आहेत. प्रत्येक टाकी इतर बरोबर तीन टाक्यांना सरळ नळाने जोडायची आहे. नळाला मध्ये फाटा नाही. एकूण किती नळ लागतील?

पाण्याच्या नळांचे नकाशे काढण्यात माझी तेहतीस वर्षं गेली, म्हणून कागद घेऊन बसलो. दहा नळ टाकले की सहा टाक्या पुऱ्या होतात आणि सातवीला दोनच मिळतात. अकरावा टाकला की कुठेतरी चार होतात. हिशेबाने साडेदहा येतात. अर्धा नळ मी अजून पाहिलेला नाही. आठ टाक्या घेतल्या तर बारा नळ, चोख. तिने सात लिहिलंय, तेही दोन ठिकाणी, त्यामुळे हात घसरला असंही म्हणता येत नाही.

मी स्वच्छ प्रतीत आठ केलं. आमच्या ऑफिसात नकाशावर एखादा नळ कुठेच न पोचता लोंबकळताना दिसला, तर विचारत बसायचं नसतं, जोडून टाकायचा आणि साहेबाने सही करायची. हात आपोआप गेला. प्रत हेडमास्तरांना पोचवली.

पण तुला कळवल्यावाचून राहवेना. तिच्या कागदावर तारीख आहे एकोणीस मे. दुसरं ऑपरेशन नको, आता पुरे, असं तिने मला सांगितलं ते सतरा मेला. तू जिन्यात म्हणालीस की गोळ्यांनी ताईचं डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि भाऊजींनी स्वतःला सोपं जाईल तेवढं ऐकलं. बावीस वर्षांत जिच्या प्रश्नात चूक निघाली नाही, तिच्या हातून दोनच दिवसांनी ही चूक झाली आहे. म्हणजे तुझंच बरोबर होतं असं दिसतं. मी तिचं ऐकायला नको होतं.

प्रकृतीला जप. लोभ वाढव असं म्हणायला तोंड नाही. आहे तेवढा राहिला तरी पुरे.

तुझा,
भाऊजी

ता. १७ ऑगस्ट

ती. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वॉर्डातल्या चादरींच्या खोलीत उभ्या उभ्या वाचलं. हाताखालच्या मुलींनी विचारलं की सिस्टर रडताय का. मी सांगितलं, फिनाईलचा वास आहे.

भाऊजी, मला जिंकायचं नव्हतं. जिन्यात बोलले ते रागाने बोलले. अजूनही मला तसंच वाटतं, हे खोटं कशाला सांगू? एकवीस वर्षं पेशंट बघतेय. त्या गोळ्यांवर माणसं पंख्याशी गप्पा मारतात. ऑपरेशन झालं असतं तर ताई वर्षभर तरी राहिली असती, हेही मला वाटतं. पण मला वाटणं वेगळं, आणि तुम्ही असं कागदावर लिहून हातात देणं वेगळं. तुमचं ते शेवटचं वाक्य वाचून मला मुळीच बरं वाटलं नाही.

आणि सातचे आठ केलेत? ताईच्या कागदात? लहानपणी मी तिच्या वहीतला एक वाकडा नऊ खोडून नीट काढून दिला, तर तीन दिवस अबोला धरला होता. वाकडा असला तरी माझा आहे, असं तिने आईमार्फत कळवलं, एकाच खोलीत बसून. तुम्ही तिच्या रेषा सरळ करायचात ते तिला चालायचं. आकड्याला बावीस वर्षांत कधी हात लावला होतात का, सांगा बरं.

मुलांचं नुकसान होईल असं म्हणाल, तर हेडमास्तर कशाला आहेत? प्रश्न चुकला तर सगळ्यांना सारखे गुण वाटतील. चूक असेल तर चारचौघांत निघू दे. शुद्धीत केलेला असो नाहीतर बेशुद्धीत, तो तिचा शेवटचा पेपर आहे, तो तिचाच राहू दे. सात परत करा. मी स्पर्धेला येणार नाही, मला बघवणार नाही.

मीठ तुम्हाला वाटतं त्याच्या निम्मं घाला. आणि बटणं सैल करू नका. त्या शिंपीण आहेत, तुटलेला दोरा आणि सोडवलेला दोरा त्यांना कळतो. तुमची अब्रू राखायला गप्प बसत असतील.

राग आहे, पण लोभाला त्याने धक्का नाही. दोन्ही एका घरात राहतात.

आपली,
बारकी

ता. २४ ऑगस्ट

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद. पत्र पावलं.

आकड्याला मी कधीही हात लावला नव्हता. तुझं पत्र वाचून तसाच हेडमास्तरांकडे गेलो आणि काय केलं ते सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले की मी इतक्या वर्षांत तिच्या पेपरातला स्वल्पविराम हलवायला धजलो नाही, नवरा असल्याचा तुम्ही भलताच फायदा घेतलात. मग छापखान्यात फोन लावला. तिकडचा माणूस कुरकुरला की सात आणि आठमध्ये असा काय मोठा फरक पडतो. हेडमास्तरांनी त्याला त्याचा पगार कितव्या तारखेला होतो ते विचारलं, तेव्हा त्याने आठ खोडून सात लिहून घेतलं.

पाकीट त्यांच्या कपाटात होतं. त्यांनी ते काढून टेबलावर ठेवलं. फोडणार नाही, पण तुम्ही मागितलंत तर नाही म्हणवणार नाही, असं म्हणून ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. पाकिटावर तिचं अक्षर होतं. मी ते उचललं आणि परत ठेवलं. तिच्या नियमासाठी ठेवलं असं सांगू शकलो असतो, पण तसं नाही. आत साडेदहा लिहिलेलं असेल याचं मला भय वाटलं.

स्पर्धा पाच सप्टेंबरला आहे. झाल्यावर कळवीन. मीठ निम्मं केलं. आता अळणी होते.

सांभाळून घे.

तुझा,
भाऊजी

ता. ६ सप्टेंबर

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

आधी मुख्य ते लिहितो, म्हणजे तू उगाच खालच्या ओळींवर नजर टाकत बसणार नाहीस. ताईची चूक नव्हती. चूक माझी होती.

आता नीट सांगतो. शाळेच्या सभागृहात चोवीस संघ होते. मी शेवटच्या रांगेत, पाण्याच्या पिंपाशेजारी बसलो. माझ्या पुढ्यातच एक संघ होता: दोन मुलगे, दोन मुली. आठव्या प्रश्नापर्यंत सगळं सुरळीत चाललं. नववा वाचून दाखवला आणि पाच मिनिटांत सभागृहात कुजबुज सुरू झाली.

पुढ्यातल्या उंच मुलाने लगेच साडेदहा काढले. दुसऱ्याने त्याला सुनावलं की अर्धा नळ तुझ्या मामाच्या दुकानात मिळतो का ते विचारून ये. चष्मेवाली म्हणाली अकरा लिहून मोकळे होऊ, एक नळ जास्त झाला तर गावकरी काही तक्रार करणार नाहीत. चौथी, सगळ्यांत लहान, आतापर्यंत फक्त त्यांच्या पेन्सिलींना टोक काढून देत होती. ती म्हणाली की प्रत्येक नळाला दोन टोकं असतात. तिघांनी ते माहीत आहे म्हणून उडवून लावलं. ती पुन्हा म्हणाली की मग सगळ्या टोकांची बेरीज सम यायला हवी, आणि सात त्रिक एकवीस. तेव्हा तिघं थांबले.

तेहतीस वर्षं नळ काढले, बारकी. प्रत्येकाला दोन टोकं असतात हे मला कुणी सांगायला नको होतं. पण नकाशा म्हटलं की तो जमलाच पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात. जमणारच नाही हेही उत्तर असू शकतं, हे माझ्या ध्यानीमनी आलं नाही.

मग त्यांचं भांडण जुंपलं. उंच मुलाचं म्हणणं, बाईंनी उत्तर नसलेला प्रश्न कशाला काढला असेल, छापण्यात चूक असणार, आपण शहाणपणा केला तर शून्य मिळेल. धाकटीने विचारलं की एकवीस विषम आहे की नाही तेवढं सांग. तो म्हणाला विषम आहे, पण म्हणून काय बाईंना चूक म्हणायचं? ती म्हणाली, बाईंना कोण चूक म्हणतंय, आपण टाक्यांना म्हणतोय. मी भिंतीकडे तोंड केलं, कारण माझा चेहरा कुणी पाहिला असता तर पंचाईत झाली असती. घंटा व्हायच्या जरा आधी तिने कागद ओढून घेतला आणि लिहिलं.

कागद गोळा झाले. हेडमास्तरांनी कात्रीने पाकीट उघडलं. नवव्या प्रश्नाशी ते थांबले, माझ्याकडे बघितलं आणि मग मोठ्याने वाचलं. अशी जोडणी होऊ शकत नाही. उत्तराला दोन गुण, कारणाला आठ. खाली कारण, त्या मुलीने दिलं तेच, टोकांचं. आणि त्याखाली तपासणाऱ्यासाठी सूचना: साडेदहा लिहिणाऱ्यांना शून्य द्यावं. आठ टाक्या असत्या तर जमलं असतं, असं कुणी लिहिलं तर एक गुण जास्त द्यावा.

म्हणजे मलाही एक गुण मिळाला असता.

चोवीसांपैकी तीन संघांचं बरोबर आलं. कागद मी नंतर हातात घेऊन पाहिला. तारीख एकोणीस मे, अक्षर नेहमीसारखं, एकही खाडाखोड नाही. मी बाहेर पायरीवर जाऊन बसलो. हेडमास्तर पाणी घेऊन आले आणि शेजारी बसले. घरी येऊन जेवलो आणि दुपारी चार तास झोपलो. मे महिन्यानंतर असा झोपलो नव्हतो.

तू चुकलीस असं मी म्हणत नाही. त्या गोळ्यांवर माणसं पंख्याशी बोलतही असतील. ही बोलत नव्हती, एवढंच. सतरा तारखेला जे सांगितलं, ते तिनेच सांगितलं.

उत्तर सवडीने दे. माझ्याकडून घाई नाही, आणि आता भीतीही नाही.

तुझा,
भाऊजी

ता. १२ सप्टेंबर

ती. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्या दुपारी वॉर्ड शांत होता. मी आमच्या सात जणींना उभं केलं आणि सांगितलं की प्रत्येकीने बरोबर तिघींना धरायचं. हात दोनच, म्हणून तिसऱ्या जोडणीला सलाईनच्या नळ्या घेतल्या. कितीही उलटसुलट केलं तरी एकीची नळी रिकामी राहायची. तेवढ्यात डॉक्टर आले आणि हे काय चाललंय म्हणाले. आमची सर्वांत तरुण मुलगी म्हणाली की हे होऊ शकत नाही, सर, तेच बघतोय. मला इतकं हसू आलं की भिंतीला टेकून उभी राहिले. मग रडू आलं. या वेळी फिनाईलचं नाव घेतलं नाही.

भाऊजी, ताई शुद्धीत होती. म्हणजे सगळं समजून-उमजून नको म्हणाली. आणि हे तिने तुम्हाला सांगितलं, मला नाही, कारण तुम्ही ऐकाल आणि मी हुज्जत घालीन हे तिला पक्कं ठाऊक होतं. मी घातलीच असती. तिला उचलून गाडीत घातलं असतं. तुम्ही सोपं तेवढं ऐकलंत असं मी म्हणाले, पण बहीण भ्रमात होती असं मानणं मलाच सोपं होतं. तुम्हाला ते एकट्याने ऐकावं लागलं आणि वर माझं बोलणंही. त्याची माफी मागते. पत्रात मागते, कारण समोर मागितली तर तुम्ही चहा ठेवायला उठून जाल.

तुमच्यावरचा राग मी काढून घेतला आहे. तो आता ताईवर आहे. तिच्यावर रागवायची मला जन्माची सवय आहे, त्याने मला काही होत नाही, उलट भूक लागते.

शनिवारी येते, चार दिवसांची रजा मिळाली आहे. स्वयंपाक मी करीन. भेटायला येणारं प्रत्येक माणूस तिचं चांगलंच बोलतं आणि मला मान डोलवावी लागते. किती हट्टी होती, किती लपवाछपवी करायची, कपाटात चावी विसरून दुसऱ्यांवर कशी ओरडायची, हे माझ्याइतकं तुम्हालाच माहीत आहे. आपण दोघं बसून तिला पोटभर नावं ठेवू. मे महिन्यापासून मला त्यासाठी कुणी मिळालेलं नाही.

लोभ होता तिथेच आहे. उरलेलं शनिवारी समक्ष.

आपली,
बारकी