नीट बंद केल्याची नोंद

१४ मार्च, रविवार

चि. मिस्त्री यास,
अनेक आशीर्वाद. बाबांनी तुला ठेवलेल्या नावानेच लिहिते आहे.

तुझं पत्र आणि पॉवर सप्लायचं खोकं एकाच दिवशी मिळालं. मी बरी आहे. गुडघा आहे तसाच आहे. तू फोन कर म्हणालास, पण मला हे लिहूनच सांगायचं आहे. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहून ठेवायची. आधी रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून त्यांची पिवळी टोकं खोडरबराने पुसली. मग एक दिवस एकच पट्टी, दुसऱ्या दिवशी दुसरी. दोन्ही दिवस मशीन गोठलं. मग तुझा नवा पॉवर सप्लाय बसवला. वायरी काढण्याआधी फोटो काढले होते, तरी शेवटी एक वायर उरलीच. ती पुढच्या दिव्याची निघाली.

सव्वा दिवस बरं चाललं. मी सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकासाठी बेडकाचं हृदय रंगवत होते. त्याला तीन कप्पे असतात. दुसऱ्यात रंग भरताना पडदा गोठला, माउस हलेना, आणि मिनिटभराने मशीन आपलं आपण पुन्हा सुरू झालं. आपण त्या गावचेच नाही, असं. प्रकाशनातल्या बाईंनी फोन करून विचारलं, "तुमचा बेडूक आहे का गेला?" म्हटलं, अर्धा आहे.

शेवटी खालच्या मजल्यावरच्या घड्याळजींना वर बोलावलं. ते म्हणाले, "मला यातलं ओ की ठो कळत नाही. मी आपलं मोठं घड्याळ समजून बघतो." डोळ्याला भिंग लावून बराच वेळ आत वाकून राहिले.

"हे कुणी हलवलं होतं?"

"नाही."

"पोरी, वस्तू स्वतःच्या पायाने चालत नाही. नीट आठव."

आठवलं. ऑक्टोबरात मी बाबांच्या खोलीतलं टेबल स्वयंपाकघराच्या खिडकीशी आणलं. एकटीने, ओढत. उंबऱ्याला पाय अडला आणि कॅबिनेट आडवं झालं. प्रोसेसर थंड ठेवायला त्याच्यावर पंख्याखाली जो ॲल्युमिनियमचा ठोकळा आहे, त्याच्या चार खुंट्यांपैकी एक तेव्हा सुटली असणार. पंखा फिरत होता, म्हणून मी तिकडे पाहिलंच नाही. घड्याळजींनी बोट लावलं तर ठोकळा पडायला आलेल्या दातासारखा हलला. खालचा लेप वाळून खडू झाला होता. तो स्पिरिटने पुसला, वाटाण्याएवढा नवा लावला, खुंट्या दाबल्या. चार वेळा टक् वाजलं. "झालं," ते म्हणाले. "आता याला ओढू नकोस. आणि दुसऱ्याच्या नावाने बोटं मोडू नकोस."

आज पाच दिवस झाले. मशीन एकदाही थांबलेलं नाही. बेडूक काल रवाना झाला.

तेव्हा बिघाड हा होता आणि तो माझ्या हातून झाला. तुझ्या जोडणीत काही चूक नव्हती.

तुझ्या बायकोचा मध्ये फोन आला होता. म्हणाली, "ताई, हे आता कुणाचं मशीन जोडायला घेत नाहीत. दोन गिऱ्हाइकांचे भाग तसेच गॅलरीत पडलेत. म्हणतात, माझा हात गेला." मी तिला म्हटलं, होईल ठीक. दुसरं काय म्हणणार होते, ते मला त्या वेळी सुचलं होतं, पण म्हटलं नाही.

तू पत्रात लिहिलं आहेस : "बाबा बोलत होते आणि मी जोडलेलं मशीन मेलं. त्या दिवशी नेमकं काय गेलं, तेवढं मला कळू दे." म्हणून तू मशीनच्या नोंदवहीची यादी मागवलीस. मशीन कधी बंद पडलं, का पडलं, हे ते स्वतःच लिहून ठेवतं. जुन्या नोंदी पुसल्या जाऊ नयेत अशी सोय तूच करून ठेवली होतीस. मला ती वही असते हेच ठाऊक नव्हतं. यादी काढून वाचली.

मशीन अचानक बंद पडल्याच्या तेवीस नोंदी आहेत. पहिली नोंद बावीस ऑक्टोबरची, टेबल हलवलं त्याच आठवड्यातली. त्याआधीची एकही नाही. गेल्या वर्षीच्या अकरा जानेवारीला, संध्याकाळी पाच वाजून बारा मिनिटांनी, एकच ओळ आहे : वापरणाऱ्याने मशीन बंद केले.

वापरणारी मी.

तुला आठवत असेल, तू पडद्यावर होतास आणि मी बाबांच्या मागे त्यांची धुतलेली चादर घेऊन उभी होते. तू विचारलंस, "बाबा, ताई नीट बघते ना?" ते म्हणाले, "बाई चांगली आहे रे. पण घरचं कुणी नाही इथे. तू ये, मला घेऊन जा." तू हसलास. काय करावं हे न सुचून हसलास, ते मला तेव्हाही कळलं होतं. मी चादर खुर्चीवर ठेवली आणि माउस हातात घेतला.

वायर ओढून मशीन कधी बंद करायचं नाही, हे तू मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतंस. मी नीट बंद केलं. बंद करायचं का, असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं.

तुझा फोन आला तेव्हा मशीन गोठलं असं सांगितलं. उद्या बोलू, म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांची वाचा गेली. चौथ्या दिवशी ते गेले. त्यानंतर खरं सांगायला जागा उरली नाही, असं मी धरून चालले. ऑक्टोबरात मशीन खरोखर गोठलं तेव्हा मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवते.

काल कात्री काढली होती. एक ओळ कापली असती तर यादीत तुला काही कळलं नसतं.

तुझ्यासाठीचा एक निरोप माझ्याकडे राहिला आहे. पडदा काळा झाल्यावर बाबा थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसले. मग मला म्हणाले, "बाई, मिस्त्रीला बोलवा. त्याच्या हाताने होतं सगळं." चौदा महिने उशिरा देते आहे.

गॅलरीतली मशीनं जोडायला घे. माझ्याशी बोलायचं की नाही, ते नंतर ठरव.

तुझी,
ताई

सोबत : यादी, पाने तीन. कुठेही कापलेली नाहीत.