चिंगीच्या जागेची चौकशी

दादा,

हो रे बाबा, जाऊन आले. फोनवर तू विचारून दमलास, मग वहिनीला विचारायला लावलंस, म्हणून आता सगळं बैजवार लिहिते. (दुकानात गिऱ्हाइकांना वाचून दाखवणारच आहेस, तेव्हा अक्षर जरा बरं काढलंय.)

आधी रीतीप्रमाणे तुला आणि वहिनीला वाकून नमस्कार, जमेल तेवढा वाकून. हॉटेलच्या ओल्या चादरी उचलून कंबरेने आता संप पुकारलाय. वहिनीचा गुडघा कसा आहे? खताचं दुकान कसं चाललंय? मिशी अजून काळी करतोस की देवावर सोडलीस? माझं बरं आहे. उशाशी तुझ्या दाजींचा फोटो आहे. जिवंतपणी मला मिक्सरला हात लावू देत नव्हते, आता मी दिवसभर कपाटाएवढी धुलाई यंत्रं चालवते आणि ते फोटोतून डोळे वटारून बघतात. बघू देत. दुसरं काम काय आहे त्यांना.

तर ती शाळा. आमच्या हॉटेलातल्या माणसासाठी किंवा त्याच्या घरातल्या कुणासाठी तिथे मशीनदुरुस्ती शिकायची एक जागा राखून असते, हे मी तुला सहज बोलले आणि फसले. तू तिथल्या तिथे ठरवलंस की चिंगीची बारावी झालीच आहे, ती आत्याकडे परदेशी येणार, शिकणार, तुझं नाव काढणार. आमच्या सुपरवायझर बाईंनी मान डोलवायच्या आत तू अर्ध्या गावाला सांगून मोकळा. म्हणजे आता जागा मिळाली नाही तर तुझं नाक कापलं जाणार, आणि ते नाक वाचवायला शनिवारी सकाळी बसमध्ये बसले कोण, तर मी. (बसमध्ये शेजारच्या बाईने मला मुलं किती, नवरा काय करतो, काही म्हणजे काही विचारलं नाही. एवढा लांबचा प्रवास, तोंडाला कुलूप. मीच मग तिला विचारलं. ती उठून पुढच्या सीटवर गेली.)

शाळेतच राहायची सोय. खोलीत दोन खाटा, एक टेबल, खिडकीला जाड पडदा. दुसऱ्या खाटेवर एक पांढऱ्या केसांची बाई चष्मा लावून वायरींचं चित्र काढत बसलेली. मला वाटलं, नातीचा अभ्यास करून देतेय, आपल्याकडे नाही का वहिनी चिंगीच्या वह्या सजवायची. मी इथल्या भाषेत मोडकंतोडकं विचारलं, नात कुठाय? ती म्हणाली, नात घरी आहे, तिचे आईबाप तिला सांभाळतात, मी इथे शिकते. जन्मभर बस चालवली म्हणे, आता बसखाली काय असतं ते बघायचंय. इथे हे असंच आहे, दादा. वर्गात मिसरूड फुटलेले आणि केस पिकलेले एका बाकावर. कुणाला त्याचं काही वाटत नाही. मलाच वाटत होतं.

वर्ग भरला. मास्तरीणबाई आल्या आणि माझे पाय आपोआप उभे राहिले, आपल्या शाळेत लागलेलं वळण ते. बाकी सगळे बसलेले. बाईंना वाटलं मला बाथरूमला जायचंय, त्यांनी बोट करून रस्ता दाखवला. आता एवढ्या प्रेमाने दाखवलाय तर जायला नको? गेले, हात धुऊन आले. त्या पुन्हा माझ्या बाकापाशी आल्या, मी पुन्हा उभी, पुन्हा रस्ता. तिसऱ्यांदा उभी राहिले तेव्हा त्यांनी मला दाराजवळच्या बाकावर बसवलं आणि हळूच विचारलं की पोट ठीक आहे ना.

मी नुसती बघायला आलेय हे मी सांगितलं होतं, पण इथे नुसतं बघू देत नाहीत. ॲप्रन चढवला, पुढ्यात एक जुनं मशीन ठेवलं, म्हणाल्या, मागची बाजू खोला, आतला पट्टा काढा, बसवा, बंद करा. प्रत्येक टेबलावर एक वाटी होती. मला वाटलं बडीशेप ठेवतात. (रिकामी होती. म्हटलं, संपली असेल.) खोललं. तू लहानपणी रेडिओ खोलून अण्णांचा मार खाल्ला होतास, ते आठवत आठवत पट्टा काढला, बसवला, झाकण लावलं. आणि हातात एक स्क्रू उरला.

आता शाळेत चूक झाली की आपण काय करायचो? लपवायचो. ॲप्रनला खिसा नाही, बाई तर समोरून येतायत. मी स्क्रू सुपारीसारखा गालात टाकला. बाईंनी विचारलं, सगळं जागेवर बसलं का? मी मान हलवली. विचारलं, कुठल्या तुम्ही? मान हलवली. नाव काय? तिथेही मान हलवली. तेवढ्यात माझ्या खोलीतल्या त्या बस चालवणारीने माझा फुगलेला गाल दाखवून सांगितलं की हिची दाढ सुजलीय. झालं, बाई बर्फ आणायला धावल्या. बर्फ गालाला लागला तसा आतला स्क्रू असा गार पडला की मी तो बाईंच्या तळहातावर काढून ठेवला.

गुरुजींनी अशा वेळी मला अंगठे धरायला लावले असते आणि तू मागच्या बाकावरून खिदळला असतास. इथे कुणी हसलं नाही. बाईंनी स्क्रू पुसला, वाटीत टाकला आणि फळ्यावर मशीनचं चित्र काढून विचारलं, हा कुठला? सगळे आपापलं मशीन बघायला लागले आणि बघता बघता आणखी दोघांनी बाहीतून, मोज्यातून स्क्रू काढून वाटीत टाकले. वाटी त्यासाठीच होती. शाळा सुटताना नंबर नाही, शेरा नाही. बाई एकेकाला विचारतात, आज काय कळलं नाही? आणि लोक खुशाल सांगतात.

रविवारी मुद्द्याचं बोलले. चिंगी किती हुशार, बारावी झालेली, सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तिला स्वतःला यायचंय का?" मी म्हटलं, तिच्या वडिलांना तिला पाठवायचंय. बाई म्हणाल्या, तसं चालत नाही, शिकणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं. मी व्हरांड्यात जाऊन चिंगीला फोन लावला, लागला नाही. आणि तेवढ्यात, दादा, जागा गेली. एका वयस्कर बाईला दिली. बाई काही फार हुशार दिसली नाही, चष्मा लावूनही तिला स्क्रूचं टोक सापडत नव्हतं, पण बोलायला वस्ताद. आता गावात काय सांगायचं ते तू बघ. माझ्यावर ढकल, मी लांब आहे.

वहिनीला सांभाळ. चिंगीवर ओरडू नकोस.

तुझी धाकटी

ता. क. फोन लागला होता. चिंगी म्हणाली, "आत्या, मला नाही गं यायचं. गुरांच्या डॉक्टरीला नंबर लागलाय, बाबांना सांगायची भीती वाटते." ती संध्याकाळी शेजारच्या गोठ्यात का असते ते कळलं ना आता? तिला तिकडे पाठव. या महिन्यातच जायचंय तिला, नाहीतर तीही जागा जाईल. वहिनीला ठाऊक आहे, तिच्यावरही ओरडू नकोस.

ता. क. दुसरा. माळ्यावरच्या माझ्या हिरव्या ट्रंकेत शाळा सोडल्याचा दाखला आहे, सातवीचा. तेवढा लवकर पाठव. इथे लागतो.

ता. क. तिसरा. कशाला लागतो ते तुझ्या लक्षात आलंच असेल. ती वयस्कर बाई मीच. आणि आता लिहितेच आहे तर हेही लिहिते: मी प्रवेशाच्या कागदावर सही आधी केली. चिंगीला फोन नंतर लावला.